दादाच्या फोनवरची फायनल

माझ्या फोनची बॅटरी त्या संध्याकाळी संपली नसती तर पुढचं काही झालंच नसतं, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत होतो. आता तसं म्हणत नाही. बॅटरी काय, कोणाचीही संपते. दुसऱ्याचा फोन उघडून बसलो तो मी.

महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी बॉयलरवर आहे. कंपनीनं नवा बॉयलर बघायला मला गोव्याला धाडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या हेड ऑफिसात जाऊन साहेबांना तो कसा वाटला ते सांगायचं होतं. म्हणून मडगावहून ती झकपक गाडी. पाय पसरायला जागा, ट्रेमध्ये कटलेट, आपोआप सरकणारी दारं, आणि भिंतीवर वायफायची खूण. तिकीट कंपनीचं होतं, नाहीतर आम्ही कुठले बसतोय त्यात. गंमत अशी की ही गाडी आमच्याच तालुक्यातून जाते आणि आमच्याकडे थांबत नाही. वीर स्टेशन ती अशी ओलांडते की पाटीवरचं नाव वाचून होत नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या वाडीची कबड्डीची फायनल होती. समोर शिवथरच्या खोऱ्यातला संघ होता, आणि त्यांच्याकडून आम्ही मागची दोन वर्षं मार खाल्ला होता. आता आमच्याकडच्या स्पर्धा मोबाइलवर लाइव्ह दिसतात. शाळेच्या गच्चीवर एक कॅमेरा लावतात, खाली टेबलावर माइक घेऊन समालोचक बसतो, आणि विरार, नालासोपारा, दिव्याला अडकलेली आमची माणसं रजा मिळाली नाही म्हणून तिथून बघतात. बघणाऱ्यानं खाली चॅटमध्ये आपण कुठून बघतोय ते टाकायचं आणि समालोचकानं नाव-गाव माइकवरून वाचायचं, ही रीतच पडून गेली आहे. आपलं नाव भोंग्यातून गावभर जातं याचं माणसाला भारी अप्रूप. एकजण दुबईहून बघत होता, त्याचं नाव तर अर्ध्या तासात चारदा वाचलं. चढाई राहिली बाजूला.

खेड यायच्या आधीच माझा फोन मान टाकून पडला. सीटजवळच्या प्लगमध्ये चार्जर घालून बघितला, हलवून बघितला, बाहेर काढून फुंकर मारली. काही उपयोग झाला नाही. शेजारच्या सीटवर एक जाडसर गृहस्थ गाडीच्या वायफायवर क्रिकेटची मॅच बघत होते आणि दर चौकाराला मांडीवर थाप मारत होते. त्यांच्या त्या थापांनी मला राहवेना. बॅगेत दुसरा फोन होता. तो दादाचा होता.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. ज्या पावसात तळीयेवर डोंगर आला, त्याच पावसात आमच्या वाडीचीही एक कड गेली. तळीयेची बातमी जगानं बघितली, आमची कोपऱ्यात राहिली, ती तशीच बरी. आई त्या आठवड्यात मावशीकडे राहायला गेली होती. मी महाडात होतो, खाली पुराचं पाणी आणि वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. घरात दादा एकटा होता. घर सापडलं तेही तुकड्यांत. दादा सापडला नाही. मशीन लावून उकरलं, कुत्री आणली, मग एक दिवस शोध थांबवला.

त्याच्या फोनची काच फुटली होती म्हणून दरडीच्या चार दिवस आधी त्यानं तो दुरुस्तीला माझ्याकडे दिला होता, सिमकार्डासकट. तो माझ्या खोलीतल्या फळीवर होता. पाणी ओसरून रेंज आल्यावर तो वाजायला लागला. पडद्यावर ‘घर’ असं नाव यायचं. आईच्या साध्या फोनवर एक आकडा दाबून धरला की दादाला लागायचा, दोन दाबला की मला. ती मावशीच्या ओटीवर बसून एक दाबत होती. मी त्या फोनकडे बघत बसायचो. तिसऱ्या दिवशी मी फोन बंद केला आणि तिला सांगितलं की दादाचा नंबर कंपनीनं कायमचा बंद केला, आता लावू नकोस. तिनं ते मुकाट ऐकलं आणि त्यानंतर कधी लावला नाही.

नंबर बंद करणं मात्र मला जमलं नाही. तिचं बँकेचं पुस्तक, गॅस, रेशन, सगळं त्या नंबराला जोडलेलं. दर वेळी ओटीपी त्यावर येणार. म्हणून काच बदलून घेतली आणि नंबर जिवंत राहील एवढंच बारकं रिचार्ज मारत राहिलो. ओटीपी येण्यापुरताच तो माझ्याजवळ होता. त्यातले फोटो मी कधी उघडले नाहीत, काही पुसलंही नाही.

बारक्या रिचार्जमध्ये नेट नसतं. म्हणून त्या संध्याकाळी गाडीचं वायफाय. त्यानं मोबाइल नंबर विचारला, मी दादाचा घातला. ओटीपी आला, तो टाकला. पडद्यावर ‘आपले स्वागत आहे’ असं आलं. मग व्हिडिओचं ॲप उघडलं, तर कोपऱ्यात दादाचं पूर्ण नाव. हे मी बघितलं. बघितलं आणि फायनल शोधायला लागलो. माणूस घाईत असला की डोळ्यांना दिसतं ते डोक्यात जात नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी काय करून बसलो ते कळायचं नाही. मृत्यूचा सरकारी दाखला आम्हाला कधीच मिळाला होता. आईचा मिळत नव्हता. देह सापडला नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पोलादपूरच्या भटजींनी दर वर्षी विचारलं, चुलत्यानं दर वर्षी समजावलं, आणि आईनं दर वर्षी एकच उत्तर दिलं, “पानांचा तो माझा नव्हं.” मंडळाला स्पर्धेला दादाचं नाव द्यायचं होतं, कारण वाडीचा उजवा कोपरा त्यानं दहा वर्षं सांभाळला होता. तिनं तेही करू दिलं नाही. स्पष्ट सांगतो, मला तिचा राग यायचा. मेलेल्या माणसाला घरात बसवून ठेवल्यासारखं झालं होतं. सणाला गोड खायचं नाही, माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही. मला ते सगळं एकदाचं संपवायचं होतं.

आणि त्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, ती हो म्हणाली. का म्हणाली ते सांगितलं नाही. चुलत्यानं लगेच बुधवार धरला, तिचं मन फिरायच्या आत. फायनल रविवारी होती. बुधवारपर्यंत तिच्यासमोर कोणी काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून चुलत्यानं घरोघर बजावून ठेवलं होतं.

तर गाडीत मी फायनल लावली. चित्र थांबत होतं, पुन्हा पळत होतं. आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि आमचा चढाईवाला पुन्हा पुन्हा त्यांच्या उजव्या कोपऱ्यात घुसून मार खात होता. मला राहवलं नाही. चॅटमध्ये टाकलं: “गाडीतून बघतोय. उजवा कोपरा सोड, मधून जा.” टाकून मी मोकळा झालो. बोगदा आला, चित्र गोठलं. खेड सोडल्यावर एक लांबच लांब बोगदा आहे, त्यात माणूस जुने हिशेब आठवत बसतो. मी मात्र गुणांचा विचार करत होतो.

बोगद्याबाहेर पडलो तसा आवाज आधी आला. समालोचक दुसऱ्या गावचे निवृत्त गुरुजी होते, त्यांना आमची माणसं माहीत नव्हती. त्यांच्या त्या खणखणीत आवाजात कानातल्या इअरफोनमधून दादाचं नाव आलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. “गाडीतून आपला सामना बघतायत. त्यांचं म्हणणं आहे, उजवा कोपरा सोड, मधून जा.”

मला वाटलं मला भास झाला. मग चॅट बघितलं. माझी ओळ आणि तिच्या आधी दादाचं नाव. शेजारी त्याचा छोटा फोटो, कुठल्यातरी लग्नातला, फेटा बांधलेला. मी सगळा वेळ त्याच्या खात्यातून बोलत होतो.

पडद्यावर मैदान शांत झालं होतं. चढाईवाला मधल्या रेषेवर कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि समालोचकाच्या टेबलाकडे बघत होता. आमचे सगळेच तिकडे बघत होते. शिवथरवाल्यांना काय झालं ते कळत नव्हतं. मग चुलता धावत टेबलाकडे जाताना दिसला. धोतर सावरत धावणारा चुलता एरवी बघितला असता तर मी हसलो असतो. त्यानं माइकवर हात ठेवला. पण भोंगे वाडीच्या दिशेनं लावलेले असतात, आणि आमचं नवं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. आई मॅच बघायला येत नसे. घरात बसून ऐकत मात्र असे.

फोन वाजला. ‘घर’.

इतक्या वर्षांनी तिनं एक दाबला होता.

मी तो वाजू दिला.  शेजारचे गृहस्थ म्हणाले, “अहो, फोन.” थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. मी विचार केला की उचलायचा आणि सरळ सांगायचं, आई, मी धाकटा आहे, चूक झाली, माझा फोन बंद पडला. एवढंच तर सांगायचं होतं.

उचलला.  तिच्यामागून भोंग्याचा आवाज येत होता, गुरुजी माफी मागत होते, मग खेळ सुरू झाल्याची शिट्टी. गाडीतलं चित्र मागून येत होतं, माझ्या पडद्यावर यातलं काहीच अजून झालेलं नव्हतं. तिथे चुलत्याचा हात अजून माइकवरच होता.

“रे,” ती म्हणाली. “कुठं हायस?”

आम्हा दोघांचा आवाज एक. फोनवर मित्रच काय, मावशीसुद्धा फसायची. दादा असता तर त्यानं याचा फायदा घेऊन कितीतरी खोड्या काढल्या असत्या, काढल्याच होत्या.

“गाडीत,” मी म्हटलं. ते खरं होतं.

 मी पुढचं वाक्य तोंडात जुळवत होतो. तेवढ्यात तिनं विचारलं, “लागलं नाय ना रे तुला?”

हा प्रश्न तिनं कोणालाच कधी विचारला नव्हता. भटजींना नाही, शोधायला आलेल्या साहेबांना नाही, मला नाही. आम्ही सगळे देह सापडला की नाही, दाखला मिळाला की नाही यात अडकलो होतो. आणि ती इतकी वर्षं हे एवढंच धरून बसली होती, की त्याला किती वेळ कळत होतं, किती दुखलं.

“नाय,” मी म्हटलं. “लागलं नाय.”

बोगदा आला आणि फोन कापला गेला.

तो बोगदा लहान होता. पुन्हा फोन आला नाही. मीही केला नाही. करून काय सांगणार होतो? विन्हेरे गेलं, करंजाडी गेलं. वीर आलं तसा मी उठून दाराशी गेलो, उतरणार असल्यासारखा. फलाटावरचे दिवे एकामागून एक मागे गेले. तिथून आमची वाडी रस्त्यानं फार लांब नाही. सीटवर येऊन बसलो तर शेजारच्यांनी विचारलं, “कोण जिंकलं?” मी म्हटलं, बघितलं नाही. त्यांना ते खोटं वाटलं असणार.

मुंबईला गेलो नाही. पनवेलला उतरलो, साहेबांना तब्येतीचं कारण आणि चुलत्याला येतोय एवढंच कळवलं आणि मिळेल त्या एसटीनं मागे फिरलो. सकाळी वाडीच्या रस्त्याला लागलो तर नाक्यावर चुलता उभाच होता. डोळे तांबारलेले. दादाचा फोन माझ्याकडे असतो हे त्याला ठाऊक होतं. “काय केलंस तू हे?” म्हणाला. “भट सांगून ठेवला, पानं काढली. आता ती हो म्हनेल व्हय?” मी त्याला फोनचं सगळं सांगितलं, शेवटचा शब्द सोडून. तो सांगायची हिंमत झाली नाही. चुलता म्हणाला, “ती काल सांजपासनं काय बोललीच नाय. दिवापन लावला नाय तिनं.”

आई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी जाऊन समोर बसलो. वाटभर मी वाक्यं पाठ केली होती, एकही आठवेना. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मला काय तुमचे आवाज समजत नाय व्हय रे?” ती म्हणाली. “दोघं माझ्याच पोटचे. तू गाडीत म्हनलास तवाच समजलं मला.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, “मग विचारलंस कशाला?”

“दुसरं कोन सांगनार व्हतं? त्याच्या आवाजात सांगेल असं कोन हाय दुसरं?” तिनं तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला. “मला वाटलं तू आता म्हनशील, आई, मी हाय, मी धाकटा. तू नाय म्हनलास. बरं केलंस.”

मी तिथेच तिच्या पायाशी बसून रडलो. चाळिशीकडे झुकलेला बॉयलरवाला, हुंदके देऊन. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. तिनं पाठीवरून हात फिरवला नाही, तसा तिचा स्वभावही नाही. ती म्हणाली, “बुधवारी करा काय करायचं ते. मी नाय अडवत.”

मग बुधवार आला. चुलत्यानं आणि भटजींनी ओसरीवर पळसाची पानं मांडून माणूस केला. हात केले, पाय केले. दादा उंच होता, तर चुलता म्हणाला, अजून दोन बोटं वाढवा. नारळ ठेवला, धोतर पांघरलं. मी मडकं धरून पुढे उभा राहिलो. आमच्याकडे बायका नदीवर येत नाहीत, त्या दारापर्यंतच. आई उंबऱ्यात उभी होती. रडत नव्हती.

उचलायच्या वेळी तिनं हात वर केला. सगळे थांबले. चुलत्याच्या तोंडावर मी भीती बघितली, त्याला वाटलं ही आता नको म्हणते.

“जायच्या आधी येकदा परत म्हन,” ती म्हणाली. कोणाला ते तिनं सांगितलं नाही. ती बघत होती पानांच्या माणसाकडे.

चारचौघांत उभा होतो मी, ओल्या पंच्यानं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी खाली बघून म्हटलं, “नाय आई. लागलं नाय.”

तिनं मान हलवली आणि ती आत गेली. आम्ही उचललं. वाट उताराची, पुढे मी, माझ्यामागे चुलता आणि बाकीचे. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कोणी बघत नव्हतं.  शेताच्या बांधाशी चुलत्यानं हळूच विचारलं,

“मगाशी कोन बोललं रे?”

“मीच, काका,” मी म्हटलं.

 थोडं पुढे गेल्यावर त्यानं तेच पुन्हा विचारलं.